सावरणे : मुलाचे आणि घराचे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात वैद्यकीय समाजसेवा विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यानात उल्लेखिलेल्या कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



अहवालवाचनानंतर एक व्याख्यान ठेवण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे आणि जेवणाच्या वेळेपूर्वीचे व्याख्यान ही श्रोत्यांच्या सौजन्याची कसोटी असते, याची मला जाणीव आहे. किती मुले दाखल झाली, किती शस्त्रक्रिया झाल्या, हे आपण आताच ऐकले. या आकड्यांच्या मागे एक काम सतत चालू असते. ते कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. बालरुग्ण विभागात मूल दाखल झाले की डॉक्टर त्याची छाती, पोट, रक्त तपासतात. आम्ही त्याच सुमारास त्याचे घर तपासत असतो. मूल येथून बरे होऊन गेल्यावर तेथे ते बरे राहील काय, एवढाच आमचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर शोधण्याची रीत कोणती असावी, याविषयी आज बोलावयाचे आहे.

हे काम आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. त्याला आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हापासून कुटुंबाची माहिती टिपण्याचे नमुने अनेक झाले. परंतु त्यांचा साचा फारसा बदललेला नाही. वडिलांचे व्यसन आहे काय, घर कच्चे की पक्के, आई शिकलेली की अशिक्षित, कुटुंब स्थलांतर करते काय, घरात दीर्घ आजारी कोणी आहे काय, यापूर्वी उपचार अर्धवट सोडले आहेत काय. प्रत्येक प्रश्नापुढे खूण करावयाची आणि शेवटी खुणा मोजावयाच्या. खुणा जास्त, तर मूल 'जोखमीचे'. कागदाच्या तळाशी 'कुटुंबाच्या जमेच्या बाजू' अशी एक ओळ असते आणि ती बहुधा कोरी राहते.

मोजणी व्यर्थ आहे असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनमधील बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७० च्या दशकात, घरातील कोणत्या अडचणी मुलाच्या मनोविकाराशी निगडित असतात, हे शोधले. आईवडिलांतील तीव्र कलह, दाटीवाटीचे मोठे कुटुंब, आईचा मानसिक आजार अशा सहा गोष्टी त्यांनी घेतल्या. त्यांना आढळले ते असे की, यांपैकी एखादीच अडचण असलेल्या मुलांचा धोका काहीच अडचण नसलेल्या मुलांपेक्षा विशेष वाढत नाही. दोन अडचणी एकत्र आल्या की मात्र तो सुमारे चौपट होतो. म्हणजे संकटांची येथे नुसती बेरीज होत नाही, ती एकमेकांना बळ देतात. याचा दुसरा अर्थ आमच्या कामाला फार उपयोगी आहे. चार अडचणींपैकी एक जरी आपण दूर करू शकलो, तरी उरलेल्या तिघींचा जोर मोडतो. सगळे घर सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही.

मोजणीची मर्यादा मात्र मोजणाऱ्यांनीच सांगितली आहे. अमेरिकेत सॅन दिएगो येथे फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणातील आघातांविषयी विचारले आणि आघातांची संख्या जितकी अधिक, तितके पुढील आयुष्यातील आजार अधिक, असे १९९८ मध्ये दाखवून दिले. तो अभ्यास जगभर गाजला. त्यानंतर शाळा-दवाखान्यांतून मुलांना असे गुण देण्याची लाट आली. तेव्हा २०२० मध्ये याच डॉ. आंडा यांनी सहकाऱ्यांसह लिहिले की, हा अंक समूहासाठी आहे. एका व्यक्तीचे भवितव्य त्यावरून ठरविणे हा त्याचा गैरवापर होय. शंभर मुलांपैकी साधारण कितीजणांना त्रास होईल, हे तो सांगू शकतो. समोर बसलेले मूल त्या शंभरांपैकी कोणते, हे तो सांगू शकत नाही.

आणि आमच्यासमोर एका वेळी एकच मूल बसलेले असते.

याच संदर्भात एक जुना अभ्यास सांगतो, कारण त्याचा आपल्या भागाशी अनपेक्षित संबंध आहे. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा मागोवा एमी वेर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी त्यांच्या वयाच्या चाळिशीपर्यंत घेतला. हे बेट उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांचे. त्या मळ्यांवर राबण्यासाठी दूरदेशांतून आणलेल्या मजुरांचे वंशज हे बहुसंख्य पालक. दारिद्र्य, बाळंतपणातील गुंतागुंत, घरातील भांडणे, आईवडिलांपैकी एकाचे व्यसन वा मनोविकार, अशा चार किंवा अधिक अडचणी वयाच्या दोन वर्षांच्या आतच ज्यांच्या वाट्याला आल्या, अशी २०१ मुले निघाली. त्यांतील १२९ मुलांना पुढे शिक्षणात, वागणुकीत किंवा मानसिक आरोग्यात गंभीर अडचणी आल्या. उरलेली ७२ मात्र नीट शिकली, कामाला लागली, प्रेमाने वागणारी माणसे झाली.

या ७२ जणांत काय होते? काहींचा स्वभावच गोड होता, लहानपणापासून ती माणसे जोडीत, हे खरे. परंतु बहुतेकांच्या बाबतीत घरातील एक तरी माणूस त्यांच्याशी घट्ट बांधलेले होते. पुष्कळदा ती आजी, आजोबा किंवा मोठे भावंड होते. घराबाहेर कोणी शिक्षक, कोणी शेजारी, कोणी धर्मगुरू होता. आणि आणखी एक गोष्ट, जी क्वचितच सांगितली जाते : अठराव्या वर्षी ज्यांची गणना बिघडलेल्यांत झाली होती, त्यांतीलही बरेच जण तिशी-चाळिशीत सावरलेले आढळले. कोणाला पुन्हा शिकण्याची संधी मिळाली होती, कोणाला चांगला जोडीदार. अठराव्या वर्षी शिक्का मारून फाइल बंद केली असती, तर हे कोणालाच कळले नसते.

इंग्रजीत या गुणाला जो शब्द आहे, त्यासाठी मराठीत कोणी 'लवचीकता' म्हणतात, कोणी 'चिवटपणा'. मला दोन्ही अपुरे वाटतात, कारण दोन्ही शब्द तो गुण मुलाच्या अंगात असल्याचे सुचवितात. आमच्या वॉर्डातील आया निराळा शब्द वापरतात. त्या म्हणतात, 'पोरगी सावरली.' या क्रियापदाची गंमत पाहा. मूल स्वतः सावरते, आणि पडणाऱ्या मुलाला दुसरे कोणीतरी सावरते. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. एखादे मूल सावरले असे दिसले की त्याला कोणी सावरले, हे विचारणे मराठी माणसाला अवघड जाऊ नये.

आता एका घराविषयी सांगतो. नऊ वर्षांची मुलगी, टाइप १ मधुमेह. या मधुमेहात शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते रोज, जन्मभर, सुईने द्यावे लागते. दोन दिवस चुकले तरी जिवावर बेतू शकते. मुलगी बेशुद्धावस्थेत आली, अतिदक्षता विभागातून सुखरूप बाहेर पडली. आईवडील बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास गाव सोडावयाचे आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, फडावर राहावयाचे. या व्यवसायात नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा लागतो, तो उचलीच्या हिशेबात चढतो.

आमच्या तक्त्यातील जवळजवळ प्रत्येक चौकोनात खूण झाली. स्थलांतर, पालाची झोपडी, वीज नाही, मग शीतकपाट कोठून असणार. आई निरक्षर, वडील अधूनमधून दारू पिणारे, थोरली तेरा वर्षांची बहीण शाळेतून काढलेली, आणि मुलीच्या खोकल्याचे औषध मागील हंगामात अर्धवट सोडलेले. दिलेल्या तारखेला न येणाऱ्या रुग्णाला आपल्याकडे वर्षानुवर्षे एक इंग्रजी शब्द वापरीत आले : 'डिफॉल्टर'. कर्ज बुडविणाऱ्यालाही तोच शब्द. क्षयरोगाच्या नोंदींतून जागतिक आरोग्य संघटनेने तो २०१३ मध्ये काढून टाकला. बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. या घराचे नाव त्या यादीत पहिल्याच दिवशी घालता आले असते.

आम्ही रिकाम्या कागदावर मुलीला घर काढावयास सांगितले. अमेरिकेतील समाजकार्याच्या अध्यापिका अ‍ॅन हार्टमन यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली : मधोमध घर, भोवती माणसांची आणि संस्थांची वर्तुळे, आणि ज्यांच्याशी येणे-जाणे आहे त्यांच्याकडे रेघा. जाड रेघ म्हणजे घट्ट नाते, तुटक रेघ म्हणजे नावापुरते. मुलीने सर्वांत जाड रेघ गावाकडच्या आजीला जोडली. दुसरी शाळेतील गुरुजींना. वडिलांकडेही तिने रेघ काढली, ती बारीक होती पण अखंड होती. कारण विचारल्यावर म्हणाली की रात्री लघवीला उठले की बाबा बॅटरी घेऊन बरोबर येतात. तक्त्यात या माणसाबद्दल 'व्यसन : होय' एवढेच होते.

मग आम्ही आईशी बोललो. 'घरी अडचण काय?' असे न विचारता 'काल दिवसभरात काय काय केले, पहाटेपासून सांगा' असे विचारतो. माणसे अडचणी सांगताना कोणीही सांगेल अशाच सांगतात, पण दिवस सांगताना स्वतःचा सांगतात. आई पहाटे चारला उठत होती. तिला अक्षर येत नव्हते, परंतु औषधाच्या तीन बाटल्या ती टोपणाच्या रंगावरून अचूक ओळखत होती. इन्सुलिनच्या कामात ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे सामान्यतः मिळणाऱ्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या कुपीची सिरिंज केशरी टोपणाची असते. लाल ऐवजी केशरी सिरिंज घेतली, तर २० च्या रेघेपर्यंत भरूनही मुलाला प्रत्यक्षात ८ युनिटच मिळतात. शिकलेल्या घरांतूनही ही गफलत होते. या बाई म्हणाल्या, 'ताई, वाचता येत न्हाई, पर लाल टोपण म्हंजी आपलं, एवढं ध्यानात राहतंय.'

शीतकपाटाचा प्रश्न माठाने सुटला. एका मोठ्या मडक्यात लहान मडके, मधल्या जागेत ओली वाळू, आणि आत झाकणाच्या डब्यात कुपी. वापरात असलेली कुपी सावलीच्या थंड जागी सुमारे चार आठवडे चालते. एका कुपीत ४०० युनिट, मुलीला दिवसाला २० च्या आसपास. म्हणजे कुपी खराब होण्यापूर्वीच संपते.

खरा प्रश्न फडावरचा होता. पहाटे आईवडील उसात गेल्यावर सुई कोण टोचणार? आईचे उत्तर तयार होते : थोरली बहीण. थोरलीने ते वॉर्डातच शिकून घेतले होते आणि हात स्वच्छ धुऊन ती न घाबरता टोचीत होती. प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीने 'जमेच्या बाजू'त लिहिले, 'बहीण अतिशय समजूतदार.' हे अगदी खरे होते. पण येथे जरा थांबावे लागते. तेरा वर्षांची मुलगी धाकटीची सुई, तान्ह्या भावाचे खाणे आणि पालावरचा स्वयंपाक सांभाळते, ती घराची ताकद आहे हे मान्य. परंतु ती ताकद कोणाच्या खर्चाने उभी आहे? एका मुलाचे सावरणे दुसऱ्या मुलाच्या शाळेतून वजा केले जात असेल, तर तो हिशेब आम्ही जमेला धरीत नाही. समजूतदार मुलांचे कौतुक करताना आपण सर्वांनीच थोडे सावध राहावे, असे मला वाटते. ज्याला अकाली शहाणे व्हावे लागले, त्याची अडचण कौतुकाखाली दडून जाते.

म्हणून आम्ही पुन्हा त्या जाड रेघेकडे वळलो. आजी गावी होती, नातीवर जीव होता, दोघी मुलींना हंगामभर ठेवून घ्यावयास ती तयार होती. स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे; तीत मुले गावीच राहून शाळेत जातात आणि जेवणाची सोय होते. गुरुजींशी दूरध्वनीवर बोलणे झाले. सगळे जुळत होते. फक्त आजीला सिरिंजवरच्या रेघा दिसत नव्हत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

तेव्हा आम्ही आजीला बोलावून घेतले आणि आपल्याच नेत्रविभागात धर्मादाय खाटेवर तिची शस्त्रक्रिया झाली. मला विश्वस्तांना मुद्दाम सांगावयाचे आहे की, हिशेबात तो खर्च 'मोतीबिंदू शस्त्रक्रिया, एक' असा पडला असला, तरी वस्तुतः तो नऊ वर्षांच्या मुलीच्या मधुमेहावरील उपचार होता. चष्मा लागल्यावर आजीने पाण्याने सिरिंज भरण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी तिचा हात थरथरत होता. चौथ्या दिवशी ती नातीला दटावीत होती की हलू नकोस. त्या हंगामात मुलीला एकदाही दाखल करावे लागले नाही. थोरली पुन्हा शाळेत बसली. वर्ग दोन इयत्ता खालचा मिळाला, याचा तिला राग आहे.

ही गोष्ट येथे सुखान्त झाली असे मात्र समजू नका. आजीचे वय झालेले आहे, यंदा तिचे गुडघे दुखतात, आणि उचल फिटलेली नाही. घराची ताकद एकदा मोजून ठेवावी अशी स्थिर नसते. दर हंगामाच्या तोंडाशी, दसऱ्याच्या आसपास, आम्ही त्या नकाशातील रेघा पुन्हा तपासतो.

आता अगदी उलट घर. तेरा वर्षांचा मुलगा, हाच आजार. आईवडील दोघेही पदवीधर, स्वतःचा फ्लॅट, घरात शीतकपाट, साखर मोजण्याचे यंत्र. आमच्या तक्त्यात एकही खूण नव्हती. आणि हा मुलगा एका वर्षात चार वेळा रक्तात आम्ल वाढून दाखल झाला. नवी औषधे, नव्या तपासण्या सुरू होत्या. त्याच्याशी एकट्याशी बोलावे, अशी आम्ही पालकांना विनंती केली. किशोरवयातील मुलाशी निदान अर्धा तास एकट्याने बोलल्याखेरीज त्याच्या घराविषयी काहीही लिहू नये, हा आमचा नियम आहे. तो दहा वर्षांचा असल्यापासून स्वतःच इंजेक्शन घेत होता. 'आमचा मुलगा फार जबाबदार आहे' हे वाक्य घरी पाहुण्यांसमोर नेहमी म्हटले जाई. दुकान आणि नोकरी यांतून आईवडील रात्री साडेनऊला परत येत. तोपर्यंत तो एकटा जेवलेला असे, किंवा नसे. शाळेत मित्रांसमोर सुई काढावयाची लाज वाटे. सुई चुकविली हे सांगितले, तर 'जबाबदार' हे बिरुद जाईल, म्हणून वहीत साखरेचे आकडे तो मनाने लिही.

अशा मुलांसाठी उपाय साधा आहे आणि तो जगभर मान्य आहे : काही महिने सुई मोठ्या माणसाने आपल्या हाताने द्यावी. वडिलांनी दुकान आठला बंद करावयाचे मान्य केले. त्यांना ते सोपे गेले नाही; बाजारपेठेत आठ ते साडेनऊ हीच गिऱ्हाइकाची वेळ. त्यांनी ते केले. मुलगा त्यानंतर दाखल झालेला नाही. पैसा, शिक्षण, घर हे सगळे असूनही या मुलाजवळ जे नव्हते, ते पालातल्या मुलीजवळ रात्री बॅटरी घेऊन येत होते.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. काही धोके असे असतात की, त्यांच्यापुढे घराच्या जमेच्या बाजू मांडावयाच्या नसतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते डॉक्टरवर आहे, परिचारिकेवर आहे आणि आमच्यावरही आहे. मारहाणीच्या खुणा दिसल्या, तर मूल आज रात्री कोठे झोपेल, हा पहिला प्रश्न. बालकल्याण समितीची मदत घेतली जाते. 'घर तसे चांगले आहे, प्रतिष्ठित आहे' हे वाक्य अशा वेळी हमखास कानावर येते आणि ते ऐकून न ऐकल्यासारखे करावे लागते. बालकांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा सर्व पालकांनी आणि शेजाऱ्यांनीही लक्षात ठेवावी.

दुसरी सावधगिरी देणगीदारांसमोर बोलणे थोडे अवघड आहे, तरी बोलतो. 'ही माणसे काटक असतात, त्यांना सवय असते' असे आपण गरिबांविषयी सहज म्हणतो. सावरण्याच्या बळाविषयीचे हे सगळे बोलणे त्या वाक्याच्या सोयीसाठी वापरले जाऊ नये. काउआईमध्ये ७२ मुले सावरली, पण १२९ सावरली नाहीत, आणि ती कमी चिवट होती असे कोणी म्हणू शकत नाही. त्यांच्या नकाशावर कदाचित जाड रेघच नव्हती. ती काढता येते काय, हे पाहणे आपल्या हाती आहे.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयातील बालकर्करोग विभागाचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. मुलांचे उपचार अर्ध्यावर सोडून कुटुंबे गावी परतत, ही तेथील मोठी चिंता होती. कुटुंबांच्या राहण्याची, जेवणाची, प्रवासाची, समुपदेशनाची व्यवस्था जसजशी उपचारांना जोडली गेली, तसतसे हे प्रमाण खूपच खाली आले. बाहेरगावच्या अशा कुटुंबांना राहावयास जागा देणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ मध्ये मुंबईत याच गरजेतून सुरू झाली. 'हे पालक बेफिकीर आहेत' असे ज्यांच्याविषयी वाटत होते, त्यांना राहावयास खोली आणि स्वयंपाकास चूल मिळाल्यावर त्यांची बेफिकिरी संपली.

आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. निर्धन रुग्ण निधीतून त्यांच्या बिलाचा भार उचलला जातो. परंतु हा निधी रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोहोचतो. मूल येथे आणण्यासाठी लागणारे एस.टी.चे भाडे त्यात बसत नाही. आईचा खाडा त्यात बसत नाही. सोबत आलेल्या आजीचे दोन दिवसांचे जेवण, घरी ठेवलेल्या धाकट्याला सांभाळणाऱ्या शेजारणीला द्यावयाचे चार पैसे, हे काहीच त्यात बसत नाही. आणि मुले उपचार सोडतात ती बहुधा याच रकमांपाशी.

आपल्या देणगीदारांनी दिलेली यंत्रे आम्ही कृतज्ञतेने वापरतो आणि त्यांच्या नावांच्या पाट्या रोज पुसतो. पण एस.टी.च्या तिकिटावर कोणाचे नाव कोरता येत नाही, ही या खर्चाची अडचण आहे. विश्वस्त मंडळाकडे आमच्या विभागाने लेखी मागणी दिली आहे, तिचा येथे उल्लेख करतो : कोणत्याही विशिष्ट रोगाशी वा वस्तूशी न बांधलेला एक लहान निधी असावा, प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबतीच्या माणसाची सोय यांसाठी तो समाजसेविकेच्या सहीने त्याच दिवशी देता यावा, आणि गरज भासल्यास घरातील दुसऱ्या माणसाच्या उपचारासाठीही तो वापरता यावा. आजीच्या डोळ्यांचे उदाहरण मी त्यासाठीच विस्ताराने सांगितले. हिशेब दर तिमाहीला मंडळापुढे ठेवू.

पालकांना एक शेवटची माहिती. आमच्या नोंदींचा नमुना आम्ही बदलला आहे. 'जमेच्या बाजू' ही तळाची ओळ आता स्वतंत्र पान झाले असून ते आधी भरले जाते, अडचणींचे पान त्यानंतर. त्या पानावर आपल्या घराचा नकाशा असतो, कोण काय करते हे लिहिलेले असते, आणि मुलाने काढलेल्या रेघाही असतात. ते पान आपले आहे. तळमजल्यावर खोली क्रमांक सहामध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार या वेळेत ते आपल्याला पाहता येईल. लिहिलेले चुकीचे वाटले तर तेथेच दुरुस्त करून घ्यावे. वाचता येत नसल्यास आम्ही वाचून दाखवू.